लाइनीत खरखर यायलीय बगा

मृगाचा पहिला दणकून पाऊस झाला की नांदेडात दोन गोष्टी ठरलेल्या असायच्या. गोदावरीला गढूळ पाणी यायचं आणि टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावला की आत कुणीतरी बसून चिवडा खातंय असा आवाज यायचा. गोदावरीचं पाणी आठवड्यात निवळायचं. चिवडा मात्र दिवाळीपर्यंत पुरायचा.

बोलणाऱ्यांचं त्यामुळं फारसं अडत नसे. मराठवाड्यातला माणूस एरवीही फोनवर बोलतो ते तार नसती तरी पलीकडं पोचेल अशा बेतानंच. खरखर वाढली की तो आवाज चढवायचा, पलीकडचाही चढवायचा आणि दोन्ही गल्ल्यांना लग्नाची तारीख कळायची. पंचाईत सुरू झाली ती जानेवारी २००५ मध्ये. त्या महिन्यात बीएसएनएलनं 'डेटावन' या नावानं ब्रॉडबँड आणलं आणि ज्या तांब्याच्या जोडतारेवर लोक ओरडत होते, त्याच तारेवरून इंटरनेट यायला लागलं. मोडेमला ओरडायची मुभा नसते. त्यानं किती ताकदीनं बोलायचं हे आधीच ठरवून दिलेलं असतं.

या तारेचा इतिहास तसा खानदानी आहे. दोन तारा एकमेकींना पीळ देऊन नेल्या की बाहेरची खरखर दोघींवर सारखीच पडते आणि वजाबाकीत निघून जाते, हे टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलनं १८८१ मध्येच ओळखून त्याचं पेटंट घेतलं होतं. माणसाच्या बोलण्याला या तारेत ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढीच जागा लागते. वरची सगळी जागा जवळजवळ शंभर वर्षं मोकळी पडून होती. अमेरिकेतल्या बेलकोअर या संस्थेत जोसेफ लेचलायडर यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी ताडलं, की घरी बसलेला माणूस पाठवतो थोडं आणि मागवतो फार. मग जायची वाट अरुंद आणि यायची रुंद ठेवली तर हीच जुनी तार बरंच काही ओढून आणील. स्टॅनफर्डच्या जॉन सिऑफी यांनी त्या मोकळ्या जागेची बारीक वाटणी करायची पद्धत कामाला लावली. ११ लाख हर्ट्‌झपर्यंत २५६ पट्ट्या. ज्या पट्टीत शांतता तिच्यावर जास्त माल लादायचा, जिथं खरखर तिथं कमी. एवढा डोकेबाज मोडेम नांदेडच्या वजिराबादेतल्या एका टेबलावर येऊन बसला, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल पडला आणि रुमालावर गणपती.

सरकारच्या ऑक्टोबर २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे सेकंदाला किमान २५६ किलोबिट. आज या वेगाला कुणी ब्रॉडबँड म्हणणार नाही (सरकारनंही २०२३ मध्ये ही मर्यादा २ मेगाबिटवर नेली), पण तेव्हा पोरं त्यावर खूश होती. त्यातून 'होम ५००' नावाच्या योजनेत रात्री २ ते सकाळी ८ मोजदाद बंद असायची. नांदेडात आणि लातुरात मग अनेक घरांत पावणेदोनचा गजर वाजू लागला. लातुरात तर या गोष्टीला फारच प्रतिष्ठा मिळाली. शाहू कॉलेज आणि दयानंद कॉलेजच्या निकालांवर वाढलेलं गाव. पोरगं रात्री दोनला दिवा लावून बसलंय म्हटल्यावर आई कौतुकानं दूध आणून ठेवायची. पोरगं सिनेमाचे तुकडे उतरवत असायचं.

आणि नेमकं सिनेमाचं शेवटचं टोक राहिलं असताना मोडेमवरचा 'डीएसएल' लिहिलेला दिवा डोळे मिचकावायला लागायचा.

नांदेडच्या तरोडा भागातल्या एका निवृत्त गुरुजींच्या घरी हा दिवा रोज संध्याकाळी मिचकावायचा. गुरुजी गणिताचे. त्यांनी वहीत वेळा लिहून ठेवल्या आणि निदानासाठी तज्ज्ञ बोलावले, म्हणजे गल्लीतले सगळेच आले. पुतण्या म्हणाला, व्हायरस आहे. शेजारचे पोस्टातले साहेब म्हणाले, मोडेम तापतंय, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं टेबलफॅन त्याच्याकडं वळवला. वर्कशॉप कॉर्नरच्या कॉम्प्युटर दुकानदारानं त्या काळातला जालीम उपाय सांगितला: विंडोज नवीन मारावं लागेल. विंडोज मारलं. नातवाचे फोटो गेले, दिवा मिचकावतच राहिला. मदत केंद्रातल्या आवाजानं विचारलं, "मोडेमवर किती दिवे लागलेत?" गुरुजींनी मोजून सांगितलं. "बंद करून दोन मिनिटांनी चालू करा." गुरुजींनी घड्याळ लावून दोन मिनिटं पाळली. पुन्हा मोजले. तेवढेच.

शेवटी लाइनमन आला. त्यानं कॉम्प्युटरकडं पाहिलंसुद्धा नाही. मोडेम काढला, घरातली सगळी वायर बाजूला केली, साधा फोन थेट भिंतीवरच्या डबीला लावला आणि रिसीव्हर गुरुजींच्या हातात दिला.

"गुरुजी, एक दाबा अन् गप ऐका."

ही चाचणी दिसते तेवढी साधी नाही. रिसीव्हर उचलला की डायल टोन असतो आणि त्या गुंईमध्ये बारीक खरखर दडते. एक आकडा दाबला की टोन थांबतो आणि काही सेकंद लाइन नुसती उघडी पडते. त्या शांततेत तारेचं खरं पोट कळतं. गुरुजींनी ऐकलं. चिवडा होता, पण मंद.

लाइनमननं मग घरातली वायर हातानं चाचपत चाचपत नेली, तर ती गुरुजींच्या बायकोच्या, म्हणजे बाईंच्या, स्वयंपाकघरात निघाली. तिथं एक दुसरा फोन होता, मिक्सरच्या शेजारी. हा जोडफोन गुरुजींनी स्वतः, नोकरीत असताना, गावाकडच्या तारेनं ओढला होता. ब्रॉडबँड आल्यावर भिंतीच्या डबीपाशी स्प्लिटर नावाची पांढरी डबी बसवतात. बोलण्याचा खालचा भाग फोनकडं आणि वरचा भाग मोडेमकडं अशी वाटणी ती करते. घरातला प्रत्येक फोन तिच्या मागून गेला पाहिजे. बाईंचा फोन तिच्या पुढून, थेट तारेला. मिक्सर फिरला की त्याची सगळी चरचर त्या बिनपिळाच्या वायरीतून मोडेमच्या कानात. संध्याकाळी सात वाजता घरात चटणी व्हायची, हे वहीतल्या वेळांशी ताडून पाहायचं गुरुजींना सुचलं नव्हतं.

"काढून टाकू का हा?" लाइनमननं विचारलं.

"मिक्सर का फोन?" बाईंनी आतून विचारलं. फोन काढला.

मिक्सरला हसायचं कारण नाही. वेल्समधल्या ॲबरहोसन नावाच्या खेड्यात दीड वर्ष रोज सकाळी सातला सगळ्या गावाचं ब्रॉडबँड गचके खायचं. ब्रिटनच्या तारा सांभाळणाऱ्या ओपनरीच कंपनीनं केबलीसुद्धा बदलून पाहिल्या. २०२० मध्ये इंजिनिअर सकाळी सहाला पावसात यंत्र घेऊन गल्लोगल्ली हिंडले आणि एका घरापाशी यंत्र ओरडलं. घरमालकाचा एक जुना टीव्ही होता आणि तो रोज सातला लावला जायचा. मालकाला हे कळल्यावर मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि त्यानं तो टीव्ही पुन्हा लावणार नाही असं कबूल केलं. असा शोध तरोड्यात लागला असता तर टीव्हीवाल्यानं आधी विचारलं असतं, "गावात काय माझाच एक टीव्ही दिसला का?" इथं तर भारनियमनाचा जमाना. दिवसाचे कितीतरी तास वीज नाही, घराघरांत इन्व्हर्टर, वीज आली की सगळ्या गल्लीच्या बोअरच्या मोटारी एका दमात सुरू. यंत्र घेऊन हिंडणाऱ्या इंजिनिअरला यंत्र कुठं गप्प बसतं तेच शोधावं लागलं असतं.

गुरुजींचं नेट सुधारलं, पण पुरतं नाही. आता एक वेगळाच चमत्कार व्हायला लागला. रात्री नऊला लातूरहून, औसा रोडवरच्या मेव्हणीचा फोन आला की नेट छान चालायचं. फोन ठेवल्यावर तासभर बरं, मग पुन्हा मरगळ. बाईंना यात आपल्या माहेरच्या पायगुणाचा पुरावा दिसला. गुरुजींना दिसला नाही, पण ते व्यवहारी माणूस. आयकर भरायचा असला की ते बाईंना म्हणायचे, "जरा तुझ्या बहिणीला फोन लाव बरं." आणि मेव्हणीलाही प्रश्न पडला, की भाऊजी एवढे अगत्याचे कधीपासून झाले!

यामागं पायगुण नव्हता, गंज होता. तारेचा सांधा हिरवा पडला की त्यावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो. डीएसएलचा संदेश अगदी अशक्त; तो पापुद्र्यापाशी अडखळतो. पण फोन उचलला की एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटरीतून तारेत सरळ प्रवाह वाहतो आणि तो पापुद्रा तात्पुरता फोडतो. बोलणं संपलं, प्रवाह थांबला, की गंज पुन्हा आपल्या जागी. मोडेमच्या आतल्या पानावर, म्हणजे ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून उघडतं त्या पानावर, हे आकड्यांत दिसतं. खरखरीपेक्षा संदेश किती वर आहे त्याची शिल्लक तिथं डेसिबलमध्ये लिहिलेली असते. ती ६ च्या आसपास आली की मोडेमचा पाय घसरायला लागतो. मेव्हणी बोलायला लागली की गुरुजींची शिल्लक वर चढायची. हा आकडा त्यांनी मेव्हणीला कधीच सांगितला नाही.

लाइनमन दुसऱ्या खेपेला आला तेव्हा पाऊस थांबला होता. तो खांबावरच्या डीपीच्या डबीपर्यंत चढला, तिथून घराकडं येणारी वायर बोटांतून सोडत उतरला आणि कंपाउंडच्या भिंतीपाशी थांबला. दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळलेला एक जोड. वरून सुतळी. पिशवी सोडली तर आतून चमचाभर पाणी निघालं आणि मोरचुदासारखी हिरवी पूड. त्यानं जोड तोडला, तांबं लालसर दिसेपर्यंत दातानं सोलून काढलं, पुन्हा पीळ दिला.

"हे बगा गुरुजी. बाईंचा फोन आला की गंज फाटायला, फोन ठिवला की पुन्हा धरायला. नेट काय करंल त्याच्यात?"

"आणि ही पिशवी कुणी बांधली?"

"कुणीतरी बांधलीच की." एवढं म्हणून त्यानं नवीन पिशवी मागितली.

पावसाशी असलेलं हे वैर लातुरात फार विचित्र दिसायचं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेनं ज्या शहराला प्यायचं पाणी आणावं लागलं, तिथं टेलिफोनच्या जोडांची प्रकृती तेवढी ठणठणीत होती. सगळं गाव आभाळाकडं डोळे लावून बसलेलं आणि पाऊस नको असलेली एकच वस्ती होती, जमिनीखालच्या केबलींची.

आता बीएसएनएल सोडून दुसऱ्या, स्वतंत्र कंपनीकडून नेट घेण्याचं. इंग्लंडात गेली वीसपंचवीस वर्षं तार एका कंपनीची आणि इंटरनेट दुसरीचं अशी सोय आहे. त्यात एक खास मजा अशी, की खरखर आली की नेटवाला म्हणतो तारवाल्याला विचारतो, तारवाला म्हणतो आमच्या तपासणीत दोष आढळला नाही, आणि गिऱ्हाईक दोघांच्या मध्ये रिसीव्हर धरून उभं. ही मजा आपल्याकडंही यायची होती. दूरसंचार नियामक 'ट्राय'नं २००४ मध्ये शिफारस केली होती, की सरकारी कंपनीच्या तांब्याच्या तारा इतर कंपन्यांनाही वापरू द्याव्यात. त्याच वर्षीच्या धोरणात सरकारनं सक्ती केली नाही; आपसांत ठरवून घ्या म्हटलं. आपसांत ठरवा म्हटल्यावर भावकीत जे होतं तेच झालं. तार थोरल्याकडंच राहिली.

धाकट्यांनी मग स्वतःच्या वायरी आणल्या. इंटरनेटचा परवाना खाजगी कंपन्यांना १९९८ च्या धोरणानं खुला झाला होता आणि त्यात अ, ब, क असे वर्ग होते. अ म्हणजे सगळा देश, ब म्हणजे साधारण राज्याएवढा टापू, क म्हणजे टेलिफोन खात्याचा एक विभाग, ढोबळमानानं जिल्हा. नांदेडचा ०२४६२, लातूरचा ०२३८२, एवढंच राज्य. काही ठिकाणी क वर्गातले, काही ठिकाणी मोठ्यांची फ्रँचायझी घेतलेले, बहुतेक जण आधीचे केबल टीव्हीवाले. त्यांच्याकडं खांब, शिडी, गल्लीतल्या प्रत्येक गच्चीची ओळख आणि थकबाकी वसूल करायचा अनुभव, असं सगळं भांडवल तयार होतं.

सुरुवातीला हे नेट गच्च्यांवरून यायचं. जाळ्याची निळी किंवा करडी केबल १०० मीटरच्या पुढं नेता येत नाही, म्हणून दर काही घरांनंतर एका गच्चीवर पत्र्याच्या पेटीत स्विच ठेवायचा. पेटीला वीज त्या घरातली. बदल्यात त्या घराला नेट फुकट. गल्लीचं तांत्रिक भवितव्य असं एका काकूंच्या हातात गेलं. काकू लग्नाला उमरग्याला गेल्या आणि जाताना शिस्तीनं मेन स्विच बंद केला, की अर्ध्या गल्लीचं नेट बंद. तक्रार केली की केबलवाला पोरगा म्हणायचा, "सर, वरूनच प्रॉब्लेम आहे." ते अक्षरशः खरं असायचं. विजा चमकल्या की पोर्ट जळायचे, माकडं आली की वायरी लोंबायच्या. लातूरच्या गंजगोलाईत १६ रस्ते एकत्र येतात हे शाळेतलं पोरही सांगतं. त्या चौकावरून वायरी किती जातात हे विचारलं तर केबलवाला विषय बदलतो.

तरी लोकांनी तांबं सोडून याचीच वाट धरली, आणि त्याला कारण वेग एवढंच नाही. तक्रार क्रमांक घेऊन वाट पाहण्यापेक्षा ओळखीच्या माणसाला शिव्या देणं मराठवाड्यात जास्त सोयीचं पडतं. लातुरातल्या हॉस्टेलवाल्या मावशीही आता भिंतीवर मेस आणि गरम पाण्याच्या जोडीनं वायफाय लिहितात, आणि बंद पडलं की थेट त्या पोराच्या आईला फोन करतात: "तुमचं लेकरू काय करूलालंय? हितं पोरांची टेस्ट सुरूय!"

मग काच आली, म्हणजे फायबरची तार. ३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलचे ७८ हजारांहून जास्त कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीनं एका दिवसात बाहेर पडले. त्यांत तांब्याची नाडी ओळखणारे कितीतरी लाइनमन होते. दोन महिन्यांत लॉकडाउन लागला आणि शाळा, शिकवण्या, आजोबांचं कीर्तन, सगळं एकदम वायरीवर आलं. सरकारी फायबर घरोघर न्यायचं काम महसुलातल्या वाट्यावर स्थानिक भागीदारांना देण्यात आलं, आणि ते भागीदार पुष्कळदा तेच, गच्चीवाले. ज्यांना २००४ मध्ये तार मिळाली नव्हती, तेच आता तार ओढायला आले.

काचेच्या तारेला विजेची खरखर लागत नाही. मिक्सर, मोटर, इन्व्हर्टर, मेव्हणी, कशाचाही तिच्यावर परिणाम नाही. गुरुजींचं मात्र यात नुकसानच झालं. चिवडा ऐकून निदान करायला ते शिकले होते. आता कान लावायला काही उरलंच नाही. एक लाल दिवा लागतो, तेवढंच. पोरगा खिशातून मीटर काढतो, वायरीचं टोक खुपसतो आणि म्हणतो, "उणे एकतीस दाखवायलंय सर." उणे २७ च्या खाली गेलं की डबीला प्रकाश दिसेनासा होतो. गुरुजींना एवढंच समजतं, की इथं ऋण संख्येत जास्त म्हणजे कमी, आणि हे पोरगं त्यांच्याच वर्गात होतं.

कारणंही बदलली. पडद्याच्या दांडीचा खिळा, दाराच्या फटीत दुमडलेली वायर (काच जास्त वाकली की प्रकाश वाटेतच बाहेर पडतो), खारीचे दात. पण सगळ्यांवर भारी एकच: जेसीबी. पूर्वीही तो होताच. २००८ च्या शिखांच्या गुरुता गद्दी सोहळ्याआधी नांदेडचे रस्ते रुंद झाले तेव्हा जमिनीखालच्या तारा शहरानं पहिल्यांदा उजेडात पाहिल्या. मार्च २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू झालं. खोदण्याआधी ॲपवर कळवायचं, म्हणजे खाली कुणाची केबल आहे ते समजतं आणि तिच्या मालकालाही समजतं. नांदेडचा जेसीबीवाला हे उलट क्रमानं करतो. आधी खोदतो, मग कुणाची होती ते त्याला लोकच येऊन सांगतात.

मागं एकदा असंच विष्णुपुरीकडच्या रस्त्यावर कुठंतरी काच तुटली आणि तरोड्यातलं नेट चार दिवस गेलं. गुरुजी स्वस्थ बसणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी 'ट्राय'चे २००६ चे, २०२४ पर्यंत लागू असलेले, सेवा-गुणवत्तेचे नियम छापून आणले, लाल पेनानं खूण केली आणि पोरगा दारात येताच वाचून दाखवायला सुरुवात केली: बिघाड कामाच्या तीन दिवसांपेक्षा जास्त आणि सातांपेक्षा कमी राहिला तर गिऱ्हाइकाला सात दिवसांच्या भाड्याची सूट. सातांपेक्षा जास्त राहिला तर पंधरा दिवसांची. पंधरांच्या पुढं गेला तर सबंध महिन्याची.

पोरगा हात बांधून, वर्गात उभा राहायचा तसा, शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"बरोबर आहे गुरुजी. सात दिवसांचे वजा करू. तेवढी मागची तीन महिन्यांची बाकी आहे, त्याच्यातूनच करू."